गाब्रिएल व्हेर : हलत्या चित्रांचा एक आद्य प्रवासी

चित्रपटाच्या जन्माची कथा निघाली कीं फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचें नांव प्रथम घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या तरुणांनीं त्यांचें नवें यंत्र पेटींत घालून समुद्रापार नेलें, उन्हापावसांत त्याची मूठ फिरविली आणि दूरदूरच्या देशांचीं पहिलीं हलतीं चित्रें जगापुढें ठेविलीं, त्यांचीं नांवें फारशीं कोणास ठाऊक नसतात. अशा विस्मृत माणसांपैकीं गाब्रिएल व्हेर हा एक होय. मेक्सिको, क्यूबा, जपान, हिंदी-चीन आणि मोरोक्को इतक्या मुलखांत त्यानें चित्रें घेतलीं. त्याच्या चरित्रांत साहस आहे आणि मौजहि आहे. पण त्या चरित्राचें खरें मोल निराळें आहे. चित्र काढणारा कोणाचें अन्न खातो, आणि त्याचा त्याच्या चित्रावर काय परिणाम होतो, हा प्रश्न चित्रपटाच्या अगदीं बाल्यावस्थेंतच या एका माणसाच्या वाटेंत वारंवार उभा राहिला.

व्हेरचा जन्म १ फेब्रुवारी १८७१ रोजीं ल्यों शहराजवळील सेप्तेम नांवाच्या गांवीं झाला. ल्यों येथें त्यानें औषधशास्त्राचें शिक्षण घेतलें. औषधांचें दुकान मांडावें, पुड्या बांधाव्या आणि चारचौघांसारखा संसार करावा, असा सरळ मार्ग त्याच्यापुढें होता. परंतु त्याच ल्यों शहराच्या मोंप्लेझीर भागांत ल्युमिएर कुटुंबाचा छायाचित्रणाच्या कांचा तयार करण्याचा मोठा कारखाना होता. ऑग्यूस्त आणि लुई या दोघां भावांनीं १८९५ सालच्या फेब्रुवारींत आपल्या ‘सिनेमाटोग्राफ’ यंत्राचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं पॅरिसमधील ग्रां काफे या उपाहारगृहाच्या तळघरांत तिकीट लावून पहिला खेळ केला. दर एक फ्रँक होता, आणि पैसे देऊन आंत आलेले प्रेक्षक होते अवघे ३३. त्या तळघरांतील खोलीस ‘हिंदी दालन’ असें नांव होतें, हा एक गमतीचा योगायोग म्हणावयाचा. थोड्याच दिवसांत त्या दारापुढें लोकांची रीघ लागली.

यंत्र दिसावयास साधें होतें. अक्रोडाच्या लांकडाची एक पेटी, वजन सुमारें ५ किलो, आणि बाजूस एक मूठ. आंत ३५ मिलिमीटर रुंदीची आणि सुमारें १७ मीटर लांबीची फीत बसे. मूठ सेकंदास दोन वेळां फिरविली म्हणजे फितीवर सोळा चित्रें उमटत, आणि पन्नास सेकंदांच्या सुमारास फीत संपून जाई. शिवणाच्या यंत्रांत कापड जसें क्षणभर थबकतें आणि पुढें सरकतें, तशीच ही फीत एकेका चित्रापाशीं थबकून पुढें सरके. या यंत्राचा विशेष असा कीं एकच पेटी तीन कामें करी. दिवसा ती चित्र टिपी, नंतर तिच्याच साह्यानें मूळ फितीवरून दुसरी फीत छापून निघे, आणि रात्रीं तीच पेटी प्रखर दिव्यापुढें ठेविली म्हणजे पांढऱ्या पडद्यावर माणसें चालूं लागत. दिव्याच्या उष्णतेनें फीत पेटूं नये म्हणून दिवा आणि फीत यांच्यामध्यें पाण्यानें भरलेला कांचेचा गोल चंबू ठेवीत. ज्या काळीं अमेरिकेंतील एडिसनचें चित्रें टिपण्याचें यंत्र जड म्हणून एका जागीं खिळून बसलें होतें, त्या काळीं ल्युमिएरांची ही पेटी माणूस हातांत घेऊन आगबोटीवर चढूं शकत असे.

आरंभीं ल्युमिएर हें यंत्र कोणासहि विकीत नसत. आपले शिकविलेले लोक ते देशोदेशीं पाठवीत, आणि खेळाच्या उत्पन्नांत वांटा ठेवीत. या लोकांवर दुहेरी काम असे. सायंकाळीं खेळ करावयाचे आणि दिवसा त्या देशाचीं नवीं चित्रें टिपून ल्योंला पाठवावयाचीं. चित्र टिपतांना चौकटींत नेमकें काय येत आहे तें पाहण्याची सोय यंत्रांत नव्हती. आधीं जागा ठरवावी, पेटी रोखावी, आणि मग अंदाजानेंच मूठ फिरवावी लागे. परक्या गांवीं, खाणावळीच्या अंधाऱ्या खोलींत रसायनें मिसळून फीत धुवावी लागे. अशा कामास रसायनांचें माप आणि स्वभाव जाणणारा तरुण अगदीं योग्य होता. म्हणून या मंडळींत औषधशास्त्र शिकलेला व्हेर एकटाच नव्हता. मारियुस सेस्तिए हा दुसरा औषधशास्त्री मुंबईस आला आणि ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसनच्या हॉटेलांत त्यानें हिंदुस्थानांतील पहिला खेळ केला. दर एक रुपया होता. मुंबईकर मंडळी भर पावसाळ्यांत तो चमत्कार पाहण्यास जात होती, त्याच महिन्यांत पंचवीस वर्षांचा व्हेर अमेरिकेच्या वाटेस लागला.

त्याच्याबरोबर बेर्नार नांवाचा सहकारी होता. मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे प्रदेश हें त्यांचें कार्यक्षेत्र ठरलें होतें. मेक्सिकोंत त्या वेळीं पोर्फिरिओ दियास याची सत्ता होती. १८७६ पासून, मधलीं चार वर्षें सोडलीं तर, देशाचीं सर्व सूत्रें त्याच्याच हातीं होतीं. लोहमार्ग, तारायंत्रें आणि परदेशी भांडवल यांच्या बळावर आपण देशाला सुधारणेच्या मार्गास लाविलें आहे असें जगाला दिसावें, अशी त्याची फार इच्छा असे. पॅरिसहून आलेलें हें नवें यंत्र त्याला आवडलें नसतें तरच नवल! ६ ऑगस्ट १८९६ रोजीं चापुल्तेपेक येथील किल्लेवजा प्रासादांत अध्यक्ष आणि त्याच्या कुटुंबियांपुढें पहिला खेळ झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं शहरांतील प्लातेरोस रस्त्यावर सर्व लोकांसाठीं खेळ सुरू झाले. जागा मिळाली तीहि एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर. औषधशास्त्र सोडून निघालेल्या माणसाची औषधांच्या वासानें पाठ सोडली नाहीं असेंच म्हणावें लागेल.

मेक्सिकोंत व्हेर आणि बेर्नार यांनीं तीसांहून अधिक चित्रें घेतलीं. ला व्हिगा कालव्यावर होड्यांतून भरणारा बाजार, कोंबड्यांची झुंज, फांस टाकून रानटी बैल पकडणारे घोडेस्वार, घोड्यांचें स्नान अशा चित्रांतून त्या काळच्या मेक्सिकोचें दर्शन आज घडतें. परंतु त्यांत अध्यक्ष दियासची चित्रें किती तरी आहेत! अध्यक्ष घोड्यावर बसून वनांत फिरत आहेत, अध्यक्ष मंत्र्यांसह चालले आहेत, अध्यक्षांची गाडी येत आहे. राजाचें तैलचित्र काढावयाचें तर चित्रकारास महिने लागत. येथें पन्नास सेकंदांत काम होई, आणि तें चित्र शंभर गांवीं दाखवितां येई. चलच्चित्राचा हा उपयोग सत्ताधाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास एक वर्षहि लागलें नाहीं. उलट पक्षीं, व्हेरला सरकारी समारंभांत पुढची जागा मिळे, दारें उघडीं होत, आणि वृत्तपत्रांतून खेळाची आपोआप प्रसिद्धि होई. उभयतांचीहि सोय यांत होती.

याच वर्षीं चापुल्तेपेकच्या वनांत घेतलेल्या एका चित्रानें निराळाच वाद उभा केला. चित्राचा विषय होता पिस्तुलांचें द्वंद्व. काळे अंगरखे घातलेले दोन गृहस्थ समोरासमोर उभे राहतात, पिस्तुलें झाडतात, आणि एकजण खालीं कोसळतो. हें सारें बनावट होतें. व्हेरनें माणसें उभीं करून, कोणी कोठें उभें राहावें आणि केव्हां पडावें हें ठरवून तें घडवून आणलें होतें. परंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, मेक्सिकोंत दोन प्रतिष्ठित गृहस्थांमध्यें खरोखरीचें द्वंद्व होऊन एकजण प्राणास मुकला होता आणि तें प्रकरण फार गाजलें होतें. लोकांच्या मनांत ती आठवण ताजी होती. त्यामुळें वृत्तपत्रांतून टीका झाली कीं हें चित्र परदेशांत पाहणाऱ्यास, किंवा येथल्याच अजाण प्रेक्षकास, तें खोटें आहे हें कळावयाचें कसें? नाटकांत नट मेला तर तो पडदा पडल्यावर उठतो हें सर्वांना माहीत असतें. येथें मात्र झाडें खरीं, ऊन खरें, धूर खरा. मग मरण तेवढें खोटें कसें समजावयाचें?

टीका करणाऱ्यांचें म्हणणें फेंटाळून लावण्यासारखें नव्हतें. आगगाडी स्थानकांत येते किंवा कामकरी कारखान्यांतून बाहेर पडतात, हीं चित्रें पाहून लोकांची अशी समजूत झाली होती कीं यंत्रापुढें जें घडतें तेंच पडद्यावर दिसतें. ती समजूत खरीच होती. द्वंद्वहि यंत्रापुढें घडलेंच होतें. प्रश्न एवढाच होता कीं यंत्रापुढें जें घडलें तें यंत्रासाठीं घडलें कीं आपोआप घडलें. पुढें या मुद्यावर वृत्तपटांविषयीं आणि माहितीपटांविषयीं शेंकडों वाद झाले. परंतु त्यांचें मूळ १८९६ सालच्या त्या पाऊण मिनिटांच्या चित्रांतच आहे.

१८९७ सालच्या जानेवारींत व्हेर क्यूबा बेटांतील हवाना शहरीं आला. २४ जानेवारी रोजीं पासेओ देल प्रादो या प्रशस्त रस्त्यावरील १२६ क्रमांकाच्या घरीं पहिला खेळ झाला. क्यूबावर त्या वेळीं स्पेनचें राज्य होतें, आणि १८९५ पासून स्वातंत्र्याचें युद्ध पेटलेलें होतें. स्पेनचा सेनापति वेलर यानें खेड्यांतील लोकांना घरेंदारें सोडावयास लावून तटबंदीच्या गांवांत कोंडलें होतें, आणि तेथें उपासमारीनें आणि रोगराईनें माणसें हजारोंनीं मरत होतीं. उंसाचे मळे जळत होते. अशा वेळीं, ७ फेब्रुवारी १८९७ रोजीं, व्हेरनें हवानांत चित्र घेतलें तें कशाचें? शहराच्या अग्निशामक दलानें केलेल्या आग विझविण्याच्या कवाइतीचें! क्यूबाच्या भूमीवर घेतलेलें पहिलें चलच्चित्र म्हणून हें आज इतिहासांत नमूद आहे. देशांत खऱ्या आगी भडकल्या असतां चित्रांत मात्र न लागलेली आग विझविली जात आहे, याहून चमत्कारिक विरोध तो कोणता?

त्यासाठीं व्हेरला दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होईल काय? तो परका माणूस. स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या अनुज्ञेवांचून त्याला एक पाऊलहि टाकतां आलें नसतें. त्याचें यंत्र तिपाईवर उभें करावें लागे, आणि फीत पाऊण मिनिटाची. लढाई टिपावयाची कशी? शिवाय त्याचें पोट खेळांच्या उत्पन्नावर होतें, आणि खेळ पाहावयास येणारे लोक करमणुकीसाठीं येत. या साऱ्या अडचणी खऱ्याच आहेत. तरी पण त्या लक्षांत घेऊनहि एक गोष्ट उरतेच. पुढें जे कोणी १८९७ सालचा क्यूबा पडद्यावर शोधूं जातील, त्यांना भुकेनें मेलेलीं माणसें त्यांत दिसावयाचीं नाहींत; बंब आणि शिड्या दिसतील. यंत्रापुढें जें आलें नाहीं तें जणूं घडलेंच नाहीं, असा भ्रम उत्पन्न करण्याची शक्ति चित्रांत आहे.

क्यूबानंतर व्हेर व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांत फिरला. आईस लिहिलेल्या पत्रांतून त्याच्या या प्रवासाची हकीकत कळते. घरच्या माणसांची आठवण, प्रवासांतील हाल आणि उत्पन्नाची चिंता यांनीं तीं पत्रें भरलेलीं आहेत. १८९७ सालींच ल्युमिएरांनीं आपलें यंत्र उघड विकण्यास आरंभ केला, आणि मग ज्याच्यापाशीं पैसा त्याच्यापाशीं यंत्र अशी स्थिति झाली. नवलाईचे दिवस संपत आले होते. त्या वर्षाच्या अखेरीस व्हेर मायदेशीं परतला, पण घरीं फार दिवस रमला नाहीं.

१८९८ सालीं तो पुन्हां निघाला. कॅनडावरून तो जपानास गेला. जपानांत ल्युमिएरांचें यंत्र त्याच्या आधींच येऊन पोंचलें होतें. ल्योंमध्यें शिकलेल्या इनाबाता नांवाच्या जपानी व्यापाऱ्यानें तें १८९७ सालींच तिकडे नेलें होतें. तेव्हां चमत्कार दाखविणारा पहिला माणूस हा मान व्हेरच्या वाट्यास तेथें आला नाहीं. जपानाहून चीन, आणि चीनमधून १८९९ सालीं तो हिंदी-चीनमध्यें, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, कंबोडिया व लाओस या प्रदेशांत, उतरला. हा मुलूख त्या वेळीं फ्रेंचांच्या ताब्यांत होता आणि पोल दुमेर हा तेथें गव्हर्नर-जनरल होता. हाच गृहस्थ पुढें १९३१ सालीं फ्रान्सचा अध्यक्ष झाला आणि दुसऱ्याच वर्षीं मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला. दुमेर कर्तबगार पण कठोर होता. मीठ, दारू आणि अफू यांचे सरकारी मक्ते पक्के करून त्यानें वसाहतीची तिजोरी भरली आणि लोहमार्ग बांधावयास घेतले. १९०० सालीं पॅरिसमध्यें जागतिक प्रदर्शन भरावयाचें होतें. आपली वसाहत किती भरभराटीची आहे हें तेथें दाखविण्यासाठीं छायाचित्रें आणि चलच्चित्रें घेण्याचें काम दुमेरनें व्हेरकडे सोंपविलें.

या कामगिरींत व्हेरनें घेतलेलीं चित्रें कारागिरीच्या दृष्टीनें त्याचीं सर्वोत्कृष्ट चित्रें होत. हानोईंतील विटांच्या कारखान्यांतून बाहेर पडणारे कामकरी त्यानें टिपले. होंगाय येथील कोळशाच्या खाणीवर भट्टींतून तापलेला कोळसा बाहेर काढणारीं माणसें टिपलीं. अफूच्या अड्ड्याचेंहि एक चित्र घेतलें. परंतु यांतील दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

पहिल्या चित्रांत दोन युरोपीय स्त्रिया पांढऱ्या शुभ्र पोषाखांत देवळापुढें उभ्या आहेत. त्यांच्यापुढें अन्नामी मुलांचा घोळका आहे. बाया मुठीमुठीनें नाणीं फेंकीत आहेत. मध्यें भोंक असलेलीं, अगदीं हलक्या किमतीचीं तीं नाणीं. मुलें त्यांवर तुटून पडतात, एकमेकांना ढकलतात, धुळींतून वेंचतात. आणि बाया हंसत हंसत पुन्हां मूठ भरतात. आपल्याकडे दाणे टाकल्यावर अंगणांत चिमण्या जमाव्या त्याची आठवण व्हावी, असें तें दृश्य आहे. फरक एवढाच कीं येथें चिमण्या नसून माणसांचीं लेंकरें आहेत. त्या काळच्या पॅरिसच्या प्रेक्षकांना हें दृश्य दयाळूपणाचें वाटलें असेल. आज पाहणाऱ्याची मान खालीं जाते. व्हेरनें त्यावर कांहींहि भाष्य केलेलें नाहीं. त्यानें फक्त मूठ फिरविली. पण त्या निर्विकार फितीनें सत्ता आणि दैन्य यांचें नातें असें कांहीं पकडून ठेविलें आहे कीं तें शंभर पानांच्या अहवालांतहि सांपडावयाचें नाहीं. ज्या सरकारच्या पैशानें चित्र निघालें, त्याच सरकारविरुद्ध तें आज साक्ष देत आहे.

दुसरें चित्र नामो नांवाच्या खेड्याचें आहे. येथें व्हेरनें एक युक्ति केली. माणसांनीं खांद्यावर वाहून न्यावयाच्या खुर्चींत तो यंत्र घेऊन बसला आणि त्यानें यंत्राचें तोंड मागें वळविलें. खुर्ची पुढें चालली, आणि मागें राहिलेल्या खेड्याच्या वाटेवरून मुलें तिच्यामागें धांवत सुटलीं. त्यामुळें पडद्यावर असें दिसतें कीं घरें आणि झाडें हळूहळू दूर सरत आहेत, आणि हंसतीं, बागडतीं मुलें पाहणाऱ्याकडे धांवत येत आहेत. येथें कोणी नाणीं फेंकीत नाहीं. मुलांना त्या पेटीचें कुतूहल आहे, एवढेंच. अवघ्या पन्नास सेकंदांचें हें चित्र त्या युगांतील अत्यंत सुंदर चित्रांपैकीं एक म्हणून जाणते लोक आजहि वाखाणतात. अर्थात् खुर्ची वाहणारे भोई चित्रांत दिसत नाहींत, हेंहि विसरूं नये. तेच यंत्र, तोच माणूस आणि तीच वसाहत. तरी एका चित्रांत मुलें भिकारी दिसतात आणि दुसऱ्यांत नुसतीं मुलें दिसतात.

१९०० सालीं व्हेर फ्रान्सला परतला. यानंतर कोणी त्याला गांवीं स्थायिक होण्याचा उपदेश केला असता तर तो वायांच गेला असता. १९०१ सालीं त्याला मोरोक्कोच्या दरबारांतून बोलावणें आलें. मोरोक्को त्या वेळीं स्वतंत्र होता. सुलतान मौलाय अब्दुल अझीझ हा लहान वयांत १८९४ सालीं गादीवर आला होता. १९०० सालीं त्याचा वृद्ध वजीर मरण पावला, आणि तरुण सुलतानाच्या हातीं एकदम सारा कारभार आला. त्याला छायाचित्रणाचा नाद होता, आणि तें शिकविण्यासाठीं त्याला गुरु हवा होता. तो गुरु म्हणून व्हेरची नेमणूक झाली.

शिकवणी छायाचित्रणापुरती राहिली नाहीं. दोनचाकी सायकली, दारूकाम, विजेचे दिवे, टेलिफोन, मोटारगाडी, आणि अर्थातच सिनेमाटोग्राफ, अशा नव्या नव्या वस्तूंचा दरबारांत पूर लोटला, आणि त्यांची जुळवाजुळव करणारा, बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस म्हणून व्हेर सुलतानाच्या जवळ वावरूं लागला. या अनुभवांवर त्यानें १९०५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत सुलतानाचें चित्र त्यानें सहानुभूतीनें रेखाटलें आहे. सुलतान मूर्ख नव्हता. जिज्ञासू होता, बुद्धिमान होता, आणि नव्या जगाचें त्याला खरेंखुरें आकर्षण होतें.

परंतु प्रासादाच्या भिंतींबाहेर निराळेंच घडत होतें. सुलतान ख्रिस्ती लोकांच्या नादीं लागला आहे, त्यांच्या खेळण्यांवर खजिना उधळीत आहे, अशी वदंता डोंगरांतून आणि बाजारांतून पसरत होती. १९०२ सालीं एका तोतयानें बंड उभारलें. पानिपतच्या रणांगणीं हरपलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें उठलेल्या तोतयाची हकीकत मराठी माणसास ठाऊकच आहे. मोरोक्कोचा हा तोतया आपण सुलतानाचा वडील भाऊ असल्याचें सांगे. खजिना रिता झाला आणि १९०४ सालीं फ्रेंच पेढ्यांकडून ६ कोटी २५ लाख फ्रँक कर्ज काढावें लागलें. कर्जाच्या मागून फ्रेंचांचा हात आला. १९०७ सालीं फ्रेंच आरमारानें कासाब्लांकावर तोफा डागल्या. १९०८ सालीं अब्दुल अझीझला त्याच्याच भावानें पदच्युत केलें, आणि ३० मार्च १९१२ रोजीं फेझ येथें झालेल्या तहानें मोरोक्कोचें स्वातंत्र्य गेलें. तें परत मिळावयास १९५६ साल उजाडावें लागलें.

एका सायकलीनें किंवा एका छायाचित्रणाच्या पेटीनें राज्य बुडालें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. युरोपांतील मोठ्या सत्तांनीं आफ्रिकेची वांटणी आधींच मांडून ठेविली होती. परंतु बंडखोरांना जें निमित्त हवें होतें तें या वस्तूंनीं पुरविलें, हेंहि तितकेंच खरें. येथेंच व्हेरच्या आयुष्यांतील सर्वांत दुःखद विसंगति दिसते. ज्यानें सुलतानाला मनापासून विद्या शिकविली, तोच आपल्या अस्तित्वानें त्याच्या शत्रूंच्या हातीं कोलीत देत होता. आणि सुलतानाच्या हातीं जें यंत्र आलें तें प्रजेला कांहीं दाखविण्यासाठीं आलें नव्हतें. तें चार भिंतींच्या आंतच राहिलें.

सुलतान गेला, पण व्हेर मोरोक्कोंतच राहिला. वाढत्या कासाब्लांका शहरांत त्यानें उद्योगधंदा केला आणि घर केलें. छायाचित्रणाचा नाद मात्र सुटला नाहीं. ल्युमिएरांनीं १९०७ सालीं रंगीत छायाचित्रांच्या कांचा विक्रीस आणल्या होत्या. बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले अतिसूक्ष्म कण कांचेवर पसरून त्यांतून नैसर्गिक रंग उमटविण्याची ही पद्धति होती. या कांचांवर व्हेरनें मोरोक्कोचीं अनेक रंगीत चित्रें घेतलीं, आणि तीं आज मोलाचा ठेवा समजलीं जातात. १९३६ सालच्या जानेवारींत कासाब्लांका येथेंच त्याचें देहावसान झालें. जगाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता. १९९६ सालीं त्याचीं १८९६ ते १९०० या काळांतील पत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं, तेव्हां कोठें त्याच्या कार्याची यथार्थ ओळख अभ्यासकांना झाली.

या सर्व कार्याचा हिशेब कसा मांडावा? व्हेरनें ज्या देशांत पाऊल टाकलें तेथें त्याचा यजमान सत्ताधारी होता. मेक्सिकोंत अध्यक्ष, क्यूबांत स्पॅनिश अंमल, हिंदी-चीनमध्यें गव्हर्नर-जनरल, आणि मोरोक्कोंत सुलतान. पाहुण्यानें यजमानाच्या घरांतील अडगळ कोणाला दाखवूं नये ही रीत त्यानें बहुधा पाळली. तरीहि त्याच्या हातून जें उतरलें तें फार मोठें आहे. कित्येक माणसांच्या चालण्याबोलण्याचें, हंसण्याचें आणि कामाचें आज अन्य कोठेंहि दर्शन होणार नाहीं. तें त्याच्या फितींत होतें. चित्र काढणाऱ्याचा हेतु कांहींहि असो, यंत्रापुढें उभा राहिलेला माणूस आपल्या बरोबर थोडें सत्य घेऊन येतो, आणि तें यजमानास पुसून टाकतां येत नाहीं.

मराठी माणसास या कथेंत आणखी एक गोष्ट ध्यानीं घेण्यासारखी आहे. वॉटसनच्या हॉटेलांत सेस्तिएनें केलेला खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें दोन मल्लांची कुस्ती टिपली. आणि १९०१ सालीं केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परत आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें चित्र घेतलें. राज्य तेव्हां परक्यांचें होतें आणि यंत्रहि परक्यांचेंच होतें. पण मूठ फिरविणारा हात आणि यंत्रापुढें उभा राहिलेला मानकरी हे दोघेहि या भूमीचे होते. एके ठिकाणीं यंत्र सुलतानाच्या महालांत खेळणें होऊन बसलें, तर दुसरे ठिकाणीं एका छायाचित्रकारानें तें आपल्या समाजाच्या अभिमानास वाहून दिलें.

तेव्हां जुनें किंवा नवें, कोणतेंहि चित्र पाहतांना शहाण्या प्रेक्षकानें दोन गोष्टींची विचारपूस करावी. हें चित्र कोणाच्या आज्ञेनें निघालें, आणि चौकटीच्या बाहेर काय राहिलें? व्हेरच्या नामो गांवच्या मुलांना हे प्रश्न पडले नव्हते, आणि पडण्याचें कारणहि नव्हतें. तीं हंसत धांवत आलीं आणि चित्रांत राहिलीं. त्यांच्यासाठीं ते प्रश्न विचारणें हें पाहणाऱ्याचें काम आहे.